भावोजींचा रविवार

“घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?” मेकॅनिक दारात दिसताच सासूबाई कडाडल्या. घरचा माणूस म्हणजे धाकटे भावोजी. दर रविवारी येऊन आमच्या कॉम्प्युटरमधले व्हायरस फुकटात काढून द्यायचे. मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, “वहिनी, नोकरी शोधताय म्हणे?” अर्ज मी नुसता टाईप केला होता; नवऱ्यालाही पत्ता नव्हता. मेकॅनिकने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “हा प्रोग्राम तुम्ही टाईप केलेलं सगळं त्याच मिनिटाला दुसऱ्याला पाठवतो. पासवर्ड माहीत असलेल्यानेच बसवलाय, आणि अँटिव्हायरसला बजावलंय, याला हात लावायचा नाही. काढू?” “थांबा.” मी कोरं पान उघडून टाईप केलं: ‘भावोजी, पुन्हा या घराची पायरी चढलात तर तंगडं मोडीन.’ लगेच सासूबाईंचा मोबाईल वाजला. धाकट्याचं नाव बघून त्या गोंधळल्या. “उचला ना, आई,” मी म्हटलं, “घरचाच माणूस आहे.”