घशातलं रताळं

"रताळं! रताळं! नुसतं रताळं!"

सत्तावन्नाव्या भागाखाली शंभरावर वाचकांनी एवढंच लिहिलं होतं. दासोमने फोन पालथा टाकला. नेटवर रोज कादंबरी वाचणाऱ्यांची ही भाषा. नायिका अन्याय गिळून गप्प बसली, की वाचकांच्या घशात पाण्यावाचून उकडलेलं रताळं अडकतं. तिने एकदाचं तोंड उघडलं, की हेच लोक "गार सोडा!" म्हणून नाचतात. दासोमच्या कादंबरीतल्या एव्हलिनाने सत्तावन्न भागांत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. तिला तलवारी घडवायच्या होत्या. तिची आई, म्हणजे सरदारीणबाई, तिला मठात धाडायला निघाल्या होत्या. आणि ही बया दर भागाच्या शेवटी मान खाली घालून म्हणायची, "जशी तुमची इच्छा, आई."

सगळ्यात जास्त झोडपायची ती 'चंद्रकोर९'. अगदी पहिल्या भागापासूनची वाचक. आज तिने लिहिलं होतं, "तोंड शिवलंय का हिचं? आई काय वाघीण आहे, खाणार आहे हिला? पुढच्या भागात बोलली नाही, तर मी उतरले!"

उतरले म्हणजे वाचणं बंद, तेही चारचौघांत सांगून. दासोमला बाकीचे हजार उतरले असते तरी चाललं असतं, पण ही नको. एकतिसाव्या भागात लिहिण्याच्या भरात दासोमने रडक्या एव्हलिनाला गार पाण्यातला भात आणि सुका मासा खायला घातला होता. वाचकांनी हसून हसून पिसं काढली. "संगमरवरी वाड्यात आपला सुका मासा पोचवला कुणी, पोस्टाने?" एकट्या चंद्रकोर९ने लिहिलं, "काटे काढून, सोलून भातावर ठेवलाय. लिहिणारीचे आईने लाड केलेले दिसतात." ते वाक्य दासोमने पन्नासदा तरी वाचलं असेल.

"अभ्यास कसा चाललाय गं?" आई दारात उभी होती. हातात सोललेल्या नासपतीच्या फोडी.

दासोमने चटकन सरकारी नोकरीच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक पुढे ओढलं. "चाललाय."

"चालू दे, चालू दे." आईने बशी ठेवली, पालथ्या फोनकडे एकदा पाहिलं आणि गेली.

आईचं, मालसुनचं, कोरियातल्या मोकपो बंदराच्या बाजारात सुक्या मासळीचं दुकान होतं. तिचा फोन म्हणजे मासळीचे भाव बघण्यापुरता, असं दासोम धरून चालली होती. पोरीच्या परीक्षेपायी मालसुनने दोन वर्षं घरात समुद्री शेवाळाचं सूप शिजवलं नव्हतं. शेवाळ बुळबुळीत, परीक्षेआधी खाल्लं की माणूस घसरलाच म्हणून समजा. खरं तर त्या सुपावाचून वाढदिवस कसला? पण दासोमचे दोन वाढदिवस आईने मुळ्याच्या रश्शावर निभावून नेले होते. म्हणूनच तर दासोमची जीभ रेटत नव्हती. परीक्षा परवावर आली होती, शनिवारी, आणि तिने यंदा अर्जच भरला नव्हता. पुस्तकाच्या आड बसून ती वर्षभर कादंबरी लिहीत होती. शनिवारी दप्तर घेऊन निघायचं, दिवसभर बंदरावर बसायचं आणि पडेल चेहऱ्याने घरी यायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

शुक्रवारी दुपारी ती अठ्ठावन्नावा भाग लिहायला बसली. "जशी तुमची" एवढं लिहून झालं आणि तिला एव्हलिनाचा असा काही संताप आला म्हणता! तिने ते खोडलं. एव्हलिना उठून उभी राहिली. "नाही, आई. मी जाणार नाही. मला हे आवडतं, आणि मला हे येतं. तुला दुखवायचं नव्हतं म्हणून गप्प राहिले." भरात सरदारीणबाईंना चक्क 'तू' म्हटलं गेलं. दासोमने ते तसंच ठेवलं आणि भाग पाठवून दिला.

संध्याकाळपर्यंत सोड्याचा नुसता पूर आला. "गार सोडा!" "जियो एव्हलिना!" दासोम वरपासून खालपर्यंत शोधत राहिली. चंद्रकोर९चा पत्ता नव्हता. बोलायला उशीर झाला म्हणायचा. गेली बिचारी कंटाळून.

शनिवारी सकाळी ती दप्तर खांद्याला लावून स्वयंपाकघरात आली आणि जागच्या जागी थांबली. टेबलावर काठोकाठ भरलेला वाडगा होता. शेवाळाचं सूप.

"आई! अगं, आज परीक्षा ना?"

"कुठली परीक्षा? प्रवेशपत्र आलंय कुठं?" मालसुन मान वर न करता माशाचे काटे काढत होती. "बस. काल त्या वाड्यात बोललीस, झकास बोललीस. आता इथं बोल."

दासोमचं दप्तर खाली घसरलं. कान लालबुंद झाले. मग ती एका दमात सगळं बोलली. अर्ज भरला नाही, पुस्तक वर्षभर उघडलं नाही, बंदरावर जाऊन बसणार होते, हापिसात नाही बसायचं मला, मला हे आवडतं आई, आणि मला हे येतं. बोलता बोलता तिला रडू फुटलं.

मालसुनने सोललेला मासा पोरीच्या भातावर ठेवला, हात पुसले, चष्मा चढवला आणि फोन काढून एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, बराच वेळ काहीतरी लिहीत बसली.

दासोमचा फोन वाजला. चंद्रकोर९ने लिहिलं होतं, "गार सोडा! आता जेव, सूप निवतंय."