मृगातला धूर

पौष महिनाभर ह्यांची दुर्बीण समोरच्या प्रभाच्या छपराकडे तोंड करून उभी होती. प्रभा नर्स, एकटी राहणारी. विचारलं की म्हणायचे, “मृग तिकडूनच उगवतो. त्यातल्या तेजोमेघाचा फोटो काढतोय. चांदण्यांमधला धूर म्हण.” धूर! मी काय कुकुलं बाळ? फोटो आणायला भवानी पेठेतल्या स्टुडिओत मुद्दाम ह्यांच्यासोबत गेले. मानसिंग फोटोग्राफरनं पाकिटातून नुसता काळा फोटो काढला. ह्यांचा चेहरा उतरला. मी विचारलं, “खरे फोटो कुठं लपवलेत?” मानसिंग मात्र खुशीत. “वहिनी, पांढरे ठिपके लई उठले व्हते, मधी धुरकट डागबी. लग्नाच्या फोटोवानी ब्रशनं काळी शाई लावून समदे बुजवले की!” हे मटकन स्टुलावर बसले. दोघांचं संगनमत असणार! पदराचं टोक जिभेवर ओलं करून फोटो मधोमध घासला. शाई निघाली, आणि खालून धूर वर आला.