सगळ्या वर्गाला दिसेल अशी

परीक्षेला तासभर उरला असताना तांबोळी मॅडमच्या लक्षात आलं, की आजच्या पेपरची उत्तरं असलेली फाईल त्यांच्या हातून कोर्सच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये गेली आहे. तीही सोमवारपासून, सगळ्या वर्गाला दिसेल अशी.

विभागप्रमुख ओव्हाळ सर त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"सगळं कसं धडावार लावलंय हो आपण. उत्तरांसकट!" ते म्हणाले. "आता कोणी कोणी उघडलीय ते बघा. एकानेही पाहिली असेल, तर पेपर रद्द. प्राचार्यांना काय सांगायचं, ते आपणच ठरवा."

मॅडमची नोकरी कंत्राटी होती. कॉलेजच्या वाय-फायवर पान उघडेना, नुसतं चक्र फिरत राहिलं. शेवटी उघडलं.

फाईल पाहिलेले विद्यार्थी: शून्य.

"सुटलो!" म्हणत सर निघून गेले. मॅडम घटाघटा पाणी प्यायल्या आणि त्यांनी सहज पान वर सरकवलं. त्याच फोल्डरमध्ये त्यांच्या वर्षभराच्या नोट्स होत्या, सरावाचे प्रश्न होते, आवाज येऊ नये म्हणून खडकीच्या घरात पंखा बंद करून रेकॉर्ड केलेले व्हिडिओ होते.



प्रत्येकापुढे तेच शून्य होतं.