दगडाचा काप

करवत थांबताच हेमलताबाईंनी दगडाचा ओला काप उचलून भिंगाखाली धरला.

हा चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा, दगड झालेला प्रवाळ त्यांनीच हिमालयातल्या स्पितीहून आणला होता, टिपणीस सरांच्या हाताखाली संशोधन करत असताना. त्याच्या बारीक नळ्यांत ठळक उभे पडदे असतील तर तो एका गणातला, आणि नुसते आडवे मजले असतील तर दुसऱ्यातला. बाई उभ्यावर अडून बसल्या, सर आडव्यावर. झिजलेल्या दगडाचं बाहेरून काही कळेना, आणि एकुलता एक नमुना म्हणून सर तो कापू देईनात. शेवटी बाईंनी सरांशी बोलणं टाकलं. त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली होती. कापायची परवानगी नव्या विभागप्रमुखांनी दिली, तीही बाईंनी सहा अर्ज केल्यावर.

भिंगाखाली आडवे मजले दिसले, चाळीसारखे एकावर एक. उभा पडदा औषधालाही नव्हता. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग सरांच्या घरी फोन लावला.

"सर, हेमलता बोलतेय."

"बोल."

"स्पितीचा प्रवाळ कापला. आडवेच निघाले. तुमचंच खरं."



"नीट पाहिलंस?"

"दोनदा."

"कमाल आहे," ब्याण्णव वर्षांचे सर म्हणाले. "मला तर तुझंच खरं वाटत होतं. म्हणून तर कापू दिला नाही."

बाई स्टुलावर बसल्या.

"रविवारी घरी आहात ना?" त्यांनी विचारलं.