टेकडीवरची समजूत

"दम लागला तर सांग हं वहिनी. आपल्याला काही गाडी गाठायची नाहीये," नणंद मागे वळून म्हणाली आणि पुन्हा चढायला लागली.

वहिनीला दम लागला नव्हता. छातीत धडधडत होतं ते वेगळ्याच कारणाने. नवऱ्याचं घर सोडून तिला दोन-तीन महिने झाले होते. आधी सासूबाई येऊन रडून गेल्या. मग चुलतसासरे आले. चहा घेतला, बशीतली बिस्किटं संपवली आणि, "मारत नाही, पीत नाही, मग तुझं दुखतंय तरी कुठे?" असं विचारून गेले. आता नणंदेचा फोन आला होता. "रविवारी छान ऊन आहे म्हणतात. टेकडीवर जाऊ. दोघीच." दोघीच म्हटल्यावर ती काय ते समजली. सासरच्यांकडे हुकमाचा एक्का एकच उरला होता, तो म्हणजे ही नणंद, ताई.

दुखत होतं ते सांगायला अवघड होतं. नवरा रागावला की बोलणं बंद करायचा. एखाद दिवस नाही, आठवडेच्या आठवडे. ताट पुढे ठेवलं की जेवायचा, उठायचा. पडदे शिवायच्या दुकानात ती कामाला होती. संध्याकाळी मशीन बंद केल्यावर घरी जायला नको वाटायचं, कारण मशीन निदान आवाज तरी करायची.

ऊन लख्ख पडलं होतं. पायवाट गवतातून वर वर जात होती. मधेच एक दगडी बांध लागला. बांधाच्या आडोशाला मेंढ्या उन्हाला पाठ देऊन निवांत बसल्या होत्या. खाली घरांची छपरं चमकत होती. अशा दिवशी माणसाने उगाच हसावं. पण तिची नजर ताईंच्या पाठीवरून हलत नव्हती.

ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये होत्या. हात भलताच हलका. माणसाला इकडच्या तिकडच्या गप्पांत गुंतवायच्या आणि सुई कधी टोचली ते कळू द्यायच्या नाहीत. आजही तेच चाललंय, असं तिला वाटलं. मेंढ्या किती गबदूल झाल्यात. लॅबमधला नवा डॉक्टर रक्त बघून स्वतःच कसा आडवा झाला. ती हसत होती आणि मनातल्या मनात मूठ आवळून वाट बघत होती. आता टोचणार. या वळणावर नाही, तर पुढच्या.

वाटेत ताईंचा फोन सारखा वाजत होता. "हो, बांधापाशी आलोय. हो, वहिनीच आहे. थांबा, फोटो पाठवते." दोघींचा फोटो गेला. थोड्या वेळाने पुन्हा फोन. "नाही, अजून विषय नाही काढला. काढते ना."

"आमचे हे," फोन खिशात टाकत ताई म्हणाल्या. "म्हणाले, तुझं ऐकेल ती. समजावून घेऊनच ये. म्हणून तर सोडलं मला आज."

ताईंचे यजमान म्हणजे सगळ्या घराचे लाडके जावई. हसतमुख, बायकोला फुलासारखं जपणारे. नवरा असावा तर असा, असं तिला सासरी कितीदा ऐकवलं गेलं होतं. पुढच्या चढावर तिने आपली उत्तरं पुन्हा एकदा मनात घोळवली.

माथ्यावर दगडांची एक रास होती आणि भन्नाट वारा. ताईंनी फोन काढला, उंच धरला, निरखून बघितला.

"रेंज नाही," त्या म्हणाल्या आणि डोक्यावरचा हंडा उतरवावा तशा त्या राशीला टेकून बसल्या.

त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं. साल निघता निघेना. नखं लागून रस मनगटावर ओघळला.

"एक विचारू, वहिनी?"

"विचारा ना." तिने पाठ ताठ केली.

"कसं सोडलंस गं घर?"

आजवर प्रत्येकाने 'का' विचारलं होतं. तिने पाठ केली होती ती सगळी उत्तरं 'का'ची होती.

"म्हणजे आधी काय केलंस?" ताई खालच्या छपरांकडे बघत बोलत होत्या. "मी दारापर्यंत जाते आणि परत येते. पाच मिनिटं फोन उचलला नाही तर हे लॅबमध्ये येऊन उभे राहतात. सगळे म्हणतात, किती ते प्रेम! मीही तसंच म्हणत आले इतकी वर्षं. माहेरी सांगून कुणाला पटणारे? तुला परत आणायला जाते म्हटलं, तेव्हा कुठे एकटीला बाहेर पडता आलं."

वाऱ्याने संत्र्याचं एक साल उडवून नेलं. ती सरकून ताईंना खेटून बसली. त्यांच्या हातातलं संत्रं घेऊन तिने नीट सोललं आणि अर्धं त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

"काही विशेष नाही, ताई. आधी चपला घातल्या," ती म्हणाली. "त्याच्यापुढचं काहीच ठरलेलं नव्हतं, ते चालता चालता सुचत गेलं. आणि तुम्ही तर आज चांगले बूट घालूनच निघाला आहात."