चादरीचं दुसरं टोक

चादरीची दोन टोकं तिच्या मुठीत होती. उरलेली दोन टेबलावर पडून होती, आणि ती उचलायला कोणी पुढे येत नव्हतं.

ताई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. हात पाठीमागे, बोटांत बोटं अडकवलेली. त्या हातांचा भरवसा नव्हता, ते आपणहून पुढे झाले असते. गेले तीन महिने दुसरं टोक त्यांनीच तर धरलं होतं. ज्यांची समज जरा सावकाश चालते अशांना काम मिळवून द्यायचं आणि काम अंगवळणी पडेपर्यंत शेजारी उभं राहायचं, ही ताईंची नोकरी. आज इथला शेवटचा दिवस. मुकादमांनी कालच बजावलं होतं, उद्या ताईंनी हात लावायचा नाही. तुमच्यावाचून काम झालं तर तिला कायम करायच्या कागदावर सही, नाहीतर परवापासून पोरगी घरी.

पोरगी म्हणजे सव्वीस वर्षांची बाई. इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायकांनी तिचं नाव काटकोन ठेवलं होतं. टोकाला टोक भिडल्याशिवाय ही चादर सोडायची नाही. समोरची बाई घडी उरकायला बघायची, आणि हिचं आपलं एकच पालुपद, "नाही जुळलं. पुन्हा." तिच्या गठ्ठ्यातली चादर वॉर्डातून कधी परत आली नव्हती, हे खरं. पण हिच्यासमोर उभं राहिलं की म्हातारपण इथंच यायचं, असं त्यांच्यातल्या थोरल्या मावशी म्हणायच्या आणि सगळ्या हसायच्या. ताई सोडून बायका सात. आज सकाळी घंटा वाजली, भराभर तीन जोड्या लागल्या. काटकोन तेवढी उरली.

याआधी दोन कामं हातची गेली होती. पाकिटांच्या कारखान्यात अकरा दिवस, रोपवाटिकेत महिनाभर. दोन्हीकडे सोबतीचं माणूस निघालं आणि चार दिवसांत तिचीही पाठवणी झाली. हेही गेलं तर पुन्हा घरची ती खिडकी, तो स्टूल, आणि आईचे भिंतीकडे तोंड करून टाकलेले सुस्कारे.

इथं आणलं त्या पहिल्या दिवशी ताईंनीच मुकादमांची समजूत घातली होती. हळू आहे, पण शिकेल, तीन महिने द्या तिला. काटकोन तेव्हा दोघांच्या मधोमध उभी होती. मधे खांब असावा तसे दोघं तिच्या अल्याडपल्याड बोलत राहिले होते.

"बघा ताई," मुकादम म्हणाले. आवाजात राग नव्हता, कीव होती. "मी काही कुणाच्या पोटावर पाय देणारा माणूस नाही. पण हे दोघांचं काम आहे. समोर उभं राहायला कुणी तयार नसेल, तर मी तरी काय करू?"

ताईंचे हात सुटलेच. एक पाऊल पुढे पडलं.

"तुम्ही नको," काटकोन म्हणाली.

ताई होत्या तिथंच थिजल्या. काटकोननं चादर छातीशी गोळा केली, टेबलाला वळसा घातला, वाफेतून, सहा जणींच्या सहा नजरांतून चालत गेली आणि मुकादमांसमोर उभी राहिली. मोकळी दोन टोकं तिनं त्यांच्या हातांत कोंबली.

"काका, धरा."

चादरीचं टोक हातात आलं की माणूस धरतोच. हात काही डोक्याला विचारायला जात नाही. मुकादमांनी धरलं, आणि धरल्यावर त्यांना कळलं की आपण धरलंय. तोवर ती मागे मागे गेली होती आणि चादर दोघांच्या मधे ताठ झाली होती. काटकोन गुणगुणू लागली. घडीचा क्रम ध्यानात राहावा म्हणून ताईंनी तिला जुळवून दिलेल्या ओळी होत्या त्या. शब्द ताईंचे, चाल ताईंच्या आईची.

टोकाला टोक भेटू दे, काठाला काठ,
मधल्या चुणीची मोडू दे पाठ.

मुकादम टोकं घेऊन पुढे आले. चार बोटांचा फरक पडला.

"नाही जुळलं. पुन्हा."

मावशींनी तोंडावर हात दाबला. मुकादमांचे कान लाल झाले. चादर तिथंच टाकून देता आली असती. पण धुतलेली चादर जमिनीला टेकवायची नाही, हा नियम त्यांचाच. समोरच्या भिंतीवर, त्यांच्याच अक्षरात. ते निमूट मागे सरले.

तिसऱ्या खेपेला जुळलं. चौथ्या चादरीला त्यांच्या कपाळावर घाम आला. सातव्या चादरीला ताईंनी पाहिलं, मुकादमांचे ओठ हलत होते. टोकाला टोक, काठाला काठ.

"आता तुमचंही म्हातारपण इथंच, मुकादम," मावशी म्हणाल्या. सगळ्या हसल्या, पण हसणं या खेपेला काटकोनच्या बाजूचं होतं.

गठ्ठा संपला. बाहीनं कपाळ पुसत मुकादमांनी सांगून टाकलं की उद्यापासून जोड्या रोज बदलतील, आणि जी उरेल तिच्यासमोर ते स्वतः उभे राहतील. कुणाला कुरकुर करायची असेल तर तिनं आत्ताच करून घ्यावी. कुणी केली नाही. मग त्यांनी ताईंकडून कागद मागून घेतला, भिंतीला टेकवला, सही केली. पेन खिशाला अडकवता अडकवता काटकोनला विचारलं, "काय गं, जमलं का मला?"

काटकोननं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मधे खांब असावा तशी त्यांना ओलांडून ती ताईंकडे वळली.

"हळू आहेत," ती म्हणाली. "पण शिकतील. तीन महिने द्या त्यांना."