समोरची खुर्ची

स्टुटगार्टमधल्या त्या इंग्लिश पबातलं कोपऱ्यातलं टेबल म्हणे इंग्लंडहून आणलेलं होतं, तीनशे वर्षं जुन्या एका पबातून. त्याच्याबरोबर एक भूतही आलं होतं. मित्राची वाट बघता बघता बसल्या जागी मेलेला एक घोडागाडीवाला. त्याच्या खुर्चीवर कुणी बसत नसे. मालकीण रेनाटे तिथं रोज एक भरलेला ग्लास ठेवायची.

गुरुदत्त बोंद्रे दर रविवारी दुपारी नेमका त्या खुर्चीसमोर बसायचा. भुताची गोष्ट ऐकून आलेले लोक त्याला म्हणायचे, "जरा सरकता का? खुर्चीचा फोटो घ्यायचाय." तो सरकायचा.

त्या रविवारी तळलेले बटाटे पुढ्यात ठेवताना रेनाटेनं विचारलं, "बोंद्रेसाहेब, खाण्याआधी तुम्ही खुर्चीकडे बघून काय पुटपुटता?"

"'या जेवायला' म्हणतो. समोर कुणी असलं की आमच्याकडे आधी विचारतात."

रेनाटेला हसू आवरेना. मग वाकून ती हळूच म्हणाली, "हे बघा, तुम्ही आता आमच्यातलेच, म्हणून सांगते. भूतबीत काही नाही. टेबल इथल्याच जुन्या बाजारातलं आहे. गोष्ट माझ्या नवऱ्यानं रचली, लोक यावेत म्हणून."

गुरुदत्तनं हातातला काटा खाली ठेवला. समोरच्या खुर्चीकडे त्यानं एकदा बघितलं.

"हे मला कशाला सांगितलंत?" तो म्हणाला. "एकट्यानंच जेवायचं, तर घरी जेवलो असतो."